सर, एरर आला

आमच्या सरांनी स्वतःच्या हाताने एखादा प्रोग्राम चालवलेला मी कधीही पाहिला नाही. पोहायला शिकवणारा माणूस काठावर उभा राहून शिकवतो, हे एक वेळ मान्य. पण त्याचे कपडे कधीच ओले होत नसतील, तर गावात निदान कुजबुज तरी व्हायला हवी. आमच्याकडे तीही झाली नाही. उलट, सोलापूरच्या बाहेर हायवेला लागून असलेल्या आमच्या खासगी डिप्लोमा कॉलेजात सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते आणि शिक्षकदिनाला सगळ्यात जाड हार त्यांच्याच गळ्यात पडायचा.

उंची बेताची, आवाज मात्र भारदस्त. चालताना, बोलताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. एप्रिलात सोलापुरात डांबर चपलेला चिकटतं, त्या दिवसांतही सर हाफ स्वेटर घालून लॅबमध्ये यायचे, कारण 'लॅब एसी आहे'. एसी होता. चालू नसायचा, हा भाग वेगळा. मूळचे करमाळ्याकडचे, पण ते त्यांनी अंगाला लागू दिलं नव्हतं. 'हाय' आणि 'न्हाय' म्हणणाऱ्या मुलांना ते तासाला उभं करून 'आहे, नाही' घोकून घ्यायचे. मी नातेपुत्याची, त्यामुळे मी पुष्कळदा उभी असायचे.

लॅब म्हणजे त्यांचा देव्हारा. चपला बाहेर काढायच्या, आत कुजबुजायचं, आणि वर्षाच्या पहिल्या तासाला कीबोर्डाची पूजा. हळद, कुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. माझ्या वाट्याला आलेल्या कीबोर्डाचं एंटर बटण त्या कुंकवाने असं काही धरलं होतं, की दाबलं की दाबलेलंच राहायचं. प्रत्येक मशीनवर सोलापुरी चादर, तीही दुहेरी घडी करून. धूळ बसू नये म्हणून. त्या चादरीखाली मशीन तापायचं, धापा टाकायचं आणि बंद पडायचं. मग सर दारातून म्हणायचे, "लोड आला." एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने चादर काढून ठेवली, तर मशीन दिवसभर सुरळीत चाललं. सरांनी त्यालाच झापलं. "मशीन उघडं ठेवलंयस? बरं दिसतं का ते?"

सरांचा विषय सी. ही भाषा अशी, की आपण लिहिलेलं आधी कम्पायलर नावाचा प्रोग्राम वाचतो, पटलं तर मशीनला कळेल अशा रूपात उतरवतो, आणि मगच ते चालतं. पटलं नाही, तर कुठल्या ओळीत काय खटकलं ते लिहून दाखवतो. त्याला एरर म्हणतात. म्हणजे लिहावं, चालवावं, एरर बघावा, दुरुस्त करावं, पुन्हा चालवावं, असा हा सगळा खेळ. आमच्या सरांनी त्यातलं फक्त 'लिहावं' तेवढं ठेवलं होतं.

पहिलं अख्खं सत्र आम्ही सी कागदावर शिकलो. पूजेपलीकडे कीबोर्डाला हात नाही. "आधी हात वळू दे, मग बोटं," असं त्यांचं तत्त्वज्ञान. पहिला प्रोग्राम काय, तर पडद्यावर SHRI एवढी अक्षरं उमटवायची. शुभारंभ. तो प्रोग्राम आम्ही पाढ्यासारखा एका सुरात म्हणायचो. हॅश इन्क्लूड, एसटीडीआयओ डॉट एच. हॅश इन्क्लूड, कोनिओ डॉट एच. व्हॉइड मेन, महिरपी कंस चालू. शेजारच्या सिव्हिलच्या वर्गाला वाटायचं, आमच्याकडे रोज आरती असते.

आणि अर्थ विचारला की सर उजळायचे. "क्लर-स्कर म्हणजे काय? अंगण झाडणं. प्रिंट-एफ म्हणजे? रांगोळी काढणं. आणि गेच म्हणजे? आलेल्या पाहुण्याला दोन मिनिटं दारात थांबवणं, म्हणजे तो रांगोळी बघेल." ऐकायला किती गोड! आमच्या बॅचची मुलं अजूनही ते सांगून हसतात. मला हसू येत नाही. कारण आधीचा पडदा पुसणारं हे अंगण झाडणं, पडदा थांबवून धरणारा हा पाहुणा आणि त्या दोघांना आणणारी ती कोनिओ नावाची फाईल म्हणजे सी नव्हेच. एका फार जुन्या कम्पायलरची ती घरगुती सवय होती. त्या कम्पायलरचा पडदा निळा असतो. बाहेरच्या जगाने तो कधीच भंगारात काढला. पण सरांनी त्यांच्या उमेदीत तोच एक पाहिला होता, म्हणून सी म्हणजे निळा पडदा, हे त्यांच्यापुरतं ठरून गेलं. आमच्या वेळी कॉलेजात नवी मशीनं आली आणि त्यांच्यावर निळा पडदा काही केल्या उघडेना, तेव्हा सरांनी कुणाला तरी बोलावून प्रोग्रामाच्या पोटात दुसरा प्रोग्राम बसवून घेतला. कोऱ्या करकरीत मशीनला म्हाताऱ्याचं सोंग दिलं आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं. तासाच्या शेवटी हात पाठीमागे बांधून म्हणायचे, "कॉम्प्युटर चुकत नाही. मी चुकत नाही. मग राहिलं कोण?" आम्ही सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "आम्ही, सर!" आवाज बारीक आला तर पुन्हा म्हणायला लावायचे.

दुसऱ्या सत्रात मशीनला हात लावायची परवानगी मिळाली, तीही एका कडक नियमावर. एरर आला तर वाचायचा नाही. हात वर करायचा आणि म्हणायचं, "सर, एरर आला." सर दारातूनच, पडद्याकडे न बघता सांगायचे, "सेमीकोलन." सीमध्ये प्रत्येक सूचनेच्या शेवटी सेमीकोलन लागतो आणि नवशिक्याकडून तो हमखास राहतो, त्यामुळे अर्ध्या वेळा सरांचं निदान बरोबर यायचं. ताप असो नाहीतर पाय मुरगळलेला असो, सुई एकच टोचणारा एक डॉक्टर आमच्या गावात होता. त्याचेही निम्मे पेशंट बरे व्हायचे. उरलेल्या अर्ध्या वेळा, सेमीकोलन असूनही एरर जाईना, तर सर म्हणायचे, "मशीन बदल."

वाचायचा का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "एरर म्हणजे मशीनचा राग. रागावलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचं नसतं." शिवाय एररच्या खालची पायरी म्हणजे वॉर्निंग, तिचाही निकाल त्यांनी लावून टाकला होता. "वॉर्निंग म्हणजे आईची बोलणी, एरर म्हणजे बापाची चप्पल. बोलणी ऐकायची नाहीत. चप्पल आली की मला हाक मारायची." वर्ग हसला. पोरं घरी जाऊन हे सांगायची आणि आईबापही हसायचे. सर लई मजेशीर शिकवतात, असा त्यांचा लौकिक शहरभर झाला.

आजकाल मोबाइलवर सगळं शिकायला मिळतं, मग तुम्ही काय झोपला होता का, असं कुणीही विचारेल. झोपलो नव्हतो. पण एका मुलाने मोबाइलवर बघून गेच न घालता प्रोग्राम लिहिला, तर सरांनी त्याचे प्रॅक्टिकलचे निम्मे मार्क कापले आणि वर 'बाहेरचा सी इथे चालणार नाही' असं सुनावलं. मार्क त्यांच्या हातात. मग कशाला कोण बाहेर बघतंय!

आणि सगळ्यात कमी बाहेर बघायची ती लावण्या. माझ्या बाकावरची. तेलुगू घरातली, शहराच्या पूर्व भागात राहणारी. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, आणि सरांसमोर सरांना हवं तसं 'आहे, नाही'. घरी कॉम्प्युटर नव्हता. त्यामुळे सर सांगतील तेच सी, आणि ते तिने असं पाठ केलं की सर तिला शोभेच्या वस्तूसारखं मिरवायला लागले. कॉलेज तपासायला समिती आली, तेव्हा सरांनी तिला पाहुण्यांसमोर उभं केलं आणि सगळा प्रोग्राम डोळे मिटून म्हणून दाखवायला लावला. तिने एकही चिन्ह न चुकता म्हटला. समितीने टाळ्या वाजवल्या. तो चालवून दाखवा, असं त्या चौघा विद्वानांपैकी एकालाही म्हणावंसं वाटलं नाही.

लावण्याला पुण्यात नोकरी हवी होती. घर सोडायचं म्हणून नाही, तर शिकलेलं कुठेतरी उपयोगी पडावं म्हणून. तिच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, हिशेब स्वच्छ मांडला होता. ती मला शेवटच्या वर्षी म्हणाली, "नाना म्हनले, दोन कंपन्या बघ. न्हाय जमलं तर काकाच्या टॉवेलच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. परत विषय काढायचा न्हाय." नाना दुष्ट नव्हते. त्यांच्या डोळ्यांदेखत डिप्लोमा झालेली पोरं दुकानात टॉवेल घडी करत होती, म्हणून त्यांनी दोनच म्हटलं.

पहिल्या कंपनीच्या परीक्षेला ती सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून तिने मला सगळं सांगितलं. पहिलाच प्रश्न इतका सोपा होता की तिला हसू आलं. काहीही एक ओळ पडद्यावर छापून दाखवा. तिने झरझर टाइप केलं. कोनिओ, व्हॉइड मेन, क्लर-स्कर, प्रिंट-एफ, गेच. चालवलं. लाल ओळी आल्या.

"मग?"

"मग काय. हात वर केला."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "सवयच हाय की गं. हात वर केला आनि म्हनलं, सर, एरर आला. तितं एक मॅडम फिरत होत्या. त्या आल्या, बघितलं, म्हनल्या, मग वाच ना."

"मग वाचलास?"

"वाचायचं कसं असतंय? मला वाटलं, सेमीकोलन असेल. हुडकला. सगळे जागेवर होते. तरी पन अजून घातले. एकेका ओळीला दोन-दोन घातले. मग मशीन बदलून मागितलं." मग ती म्हणाली, "मॅडम हसल्या न्हाईत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं."

वेळ संपेपर्यंत ती सेमीकोलन पेरत बसली होती. आमच्या कॉलेजातली सगळ्यात हुशार मुलगी. मला त्या पायऱ्यांवर बसल्या जागी सरांचा इतका संताप आला, की समोर असते तर त्यांचा तो स्वेटर मी उसवला असता.

सरांना तिने जाऊन सांगितलं. सरांनी शांतपणे निकाल दिला, "कंपनी बोगस आहे. कोनिओ नाही? म्हणजे जेवायला बोलवायचं आणि पाट मांडायचा नाही!" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतः हसले.

दुसऱ्या कंपनीची परीक्षा सोमवारी होती. शनिवारी लावण्या चुलतभावाचा लॅपटॉप घेऊन कॉलेजात आली. त्याच्यावर आजचा, साधा, सगळं जग वापरतं तो कम्पायलर होता. लॅब भरलेली होती. तिने लॅपटॉप सरांच्या टेबलावर ठेवला, उघडला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, आपला पहिला प्रोग्राम ह्याच्यावर एकदा तुम्ही चालवून दाखवा की."

सरांचे हात पाठीमागे होते. ते तिथेच राहिले. "तू चालव," ते म्हणाले.

तिने चालवला. लाल ओळी आल्या. सर एक पाऊल मागे सरले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "सेमीकोलन."

"सगळे हायत, सर."

'हायत'ला सरांनी टोकलं नाही. "मशीन बदल."

"सोमवारी तितं मशीन बदलून देनार न्हाईत, सर. ही शेवटची कंपनी हाय माझी." ती हटली नाही. "तुम्ही एकदा बघा तरी, काय म्हनतंय ते."

सरांनी पाहिलं नाही. खरंच पाहिलं नाही. पडदा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता आणि ते घड्याळाकडे बघत होते. मग त्यांना प्राचार्यांकडची मीटिंग आठवली आणि ते गेले. शनिवारी दुपारी कसली मीटिंग! प्राचार्य केव्हाच घरी जाऊन जेवले असतील.

लॅबमधली पोरं खाली माना घालून आपापल्या निळ्या पडद्यात शिरली. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "चल, आपण वाचू. चप्पल तर चप्पल."

पहिली लाल ओळ मी मोठ्याने वाचली. कोनिओ डॉट एच, नो सच फाईल. अशी फाईल नाही. बास, एवढंच. पुढे ओळीचा नंबरही होता. लावण्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "हे तर सरळ सांगतंय की गं," ती म्हणाली.

तिने ती ओळ काढून टाकली, पुन्हा चालवलं. आता तक्रार क्लर-स्करची. हे काय आहे, मला माहीत नाही, असं कम्पायलर म्हणत होता. अंगण झाडणं गेलं. मग गेचची तीच तक्रार. पाहुणाही गेला. मग एक वॉर्निंग उरली, मेनच्या आधी व्हॉइड नको, इंट हवं, अशी. मी म्हटलं, असू दे, चालतंय तसंही. ती म्हणाली, "थांब. आई काय म्हनतीय ते बी ऐकू." तिने तेही बदललं.

पुन्हा चालवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत SHRI उमटलं. न झाडलेल्या अंगणात, रांगोळी बघायला कुणी थांबलेलं नसताना.

मला वाटलं, ती हसेल. ती रडायला लागली. आनंदाने वगैरे नाही, चिडून. "इतकी वर्षं हे असं सरळ सांगत होतं? आनि आपन हात वर करून बसत होतो?"

शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार तिने मुद्दाम चुका करून काढला. कंस काढायची, अक्षर चुकवायची, आणि कम्पायलर काय बोलतो ते बघायची. प्रत्येक चुकीला त्याची वेगळी तक्रार होती, आणि एकाही तक्रारीत राग नव्हता. रागाची ती गोष्ट सरांनी रचलेली होती.

सोमवारी पुण्यात तिला पुन्हा एरर आला. तिनेच नंतर सांगितलं, की हात आपोआप खांद्यापर्यंत गेला होता. तिथून तिने तो खाली घेतला, ओळ वाचली, आणि चूक काढली. नोकरी मिळाली. नाना टॉवेलच्या दुकानाबद्दल परत बोलले नाहीत.

पेढे घेऊन ती कॉलेजात आली तेव्हा मी बरोबर होते. सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये सगळ्यांना सांगत होते, "माझी विद्यार्थिनी. पाया माझा. डोळे मिटून प्रोग्राम म्हणायची!" पेढा त्यांनी सगळ्यांच्या आधी उचलला. लावण्या पाया पडली, आणि आम्ही निघालो.

जिन्यापाशी मागून हाक आली. सर एकटेच आले होते. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी आवाज खाली आणला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून करमाळा बाहेर पडला.

"त्या दिवशी मीटिंग नव्हती गं," ते म्हणाले. "मला त्ये वाचता येत न्हाय. म्हंजी, इंग्रजी येतंय की. पर ती लाल अक्षरं दिसली की अजून पोटात गोळा येतोय. आमच्या सरांनी आमाला कदी वाचूच दिलं न्हाय. एरर आला की समद्या वर्गासमोर हात पुढं करायचा आन् छडी खायची. तवापासनं मी..." हात आता पाठीमागे नव्हते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

अशा वेळी ऐकणाऱ्याचं मन विरघळतं, असं म्हणतात. माझं विरघळलं नाही. आमच्या आधीच्या किती बॅचेस ह्या माणसाच्या पोटातल्या गोळ्याखाली गेल्या असतील, आणि त्यातली किती पोरं कुठे कुठे हात वर करून बसली असतील, एवढंच माझ्या मनात आलं. मी लावण्याकडे पाहिलं. तिचा स्वभाव मऊ, त्यामुळे ती 'असू द्या सर' म्हणेल अशी मला भीती होती.

ती थोडा वेळ सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सरळ, डोळे न वळवता. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे तुम्हाला म्हाईत होतं की, सर, कसं वाटतंय ते."